औरस आणि दत्तक : रोमच्या पहिल्या राजघराण्याचा वारसा

दक्षिण भारतात, विशेषतः आंध्र, तेलंगण आणि तमिळ प्रदेशांत, रोमन चांदीच्या नाण्यांचे जे पुरलेले साठे वेळोवेळी सापडले, त्यांत एका छापाचे नाणे वारंवार आढळते. नाण्याच्या एका बाजूस सम्राट ऑगस्टसचा मुखवटा असून दुसऱ्या बाजूस दोन तरुण उभे आहेत. त्यांच्या मध्ये ढाली व भाले असून वर पौरोहित्याची उपकरणे कोरलेली आहेत. आणि भोवतीच्या लेखात गायस व ल्युशियस हे ऑगस्टसचे पुत्र असल्याचे सांगितले आहे. भडोच, सोपारा, कल्याण ह्या बंदरांतून आणि दक्षिणेकडील किनाऱ्यावरून मिरी, मोती व तलम वस्त्रे पश्चिमेस जात आणि त्यांच्या मोबदल्यात हे चांदी-सोने इकडे येई. हिंदुस्थानाकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स इतके धन वाहून जाते, अशी प्लिनी ह्या रोमन ग्रंथकाराची तक्रार होती. आपल्या संस्कृत वाङ्मयातील 'दीनार' हा शब्दही रोमच्या ह्याच नाण्याच्या नावापासून आलेला आहे.

परंतु आम्हांस येथे व्यापाराचा विचार करावयाचा नाही. विचार करावयाचा आहे तो नाण्यावरील त्या दोन कुमारांचा. साऱ्या जगास ज्यांची ओळख भावी सत्ताधीश म्हणून करून देण्यात आली, त्यांपैकी एकही सत्तेवर आला नाही. इतकेच नव्हे, तर ते जन्माने ऑगस्टसचे पुत्र नव्हतेच. ते त्याच्या मुलीचे मुलगे असून त्याने दत्तक घेतलेले होते. ज्या घराण्याने इ. स. पू. २७ पासून इ. स. ६८ पर्यंत, म्हणजे सुमारे पंचाण्णव वर्षे रोमवर राज्य केले, त्या घराण्यात पाच सत्ताधीश झाले. पण बापामागून त्याचा औरस पुत्र गादीवर बसला असे एकदाही घडले नाही. हे असे का घडावे आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहणे उद्बोधक आहे.

ह्या प्रश्नाचे मूळ एका राजकीय संकोचात आहे. रोमन लोकांस 'राजा' ह्या शब्दाचा तिटकारा होता. राजपद मिळविण्याच्या संशयावरून इ. स. पू. ४४ मध्ये जूलियस सीझरचा वध झाला. त्याच्या बहिणीच्या मुलीचा मुलगा ऑक्टेव्हियन त्या वेळी अवघा अठरा वर्षांचा होता. सीझरने इच्छापत्राने त्याला दत्तक घेतले होते. पुढे सर्व प्रतिस्पर्ध्यांचा पाडाव करून त्याने इ. स. पू. २७ मध्ये 'ऑगस्टस' ही पदवी धारण केली. परंतु राजपद घेतले नाही. सेनेट होती, कॉन्सल होते, निवडणुका होत्या; आपण केवळ प्रथम नागरिक आहोत, असेच तो म्हणवून घेई. आता जेथे राजाच नाही तेथे युवराज कोठून असणार? सत्ता तर एका माणसाच्या हाती पूर्णपणे एकवटलेली; पण ती त्याच्यामागून कोणाकडे जावी ह्याविषयी कायद्यात एक अक्षरही नाही, अशी ही विलक्षण स्थिती होती. जो प्रश्न भर सभेत मांडावयाचा तो अंतःपुरात, भोजनगृहात आणि रुग्णशय्येपाशी सुटू लागला. आमच्या मते ह्या घराण्याच्या सर्व दुःखांचे बीज येथेच आहे.

कायद्याची ही उणीव भरून काढण्यासाठी ऑगस्टसने दत्तकविधानाचा आश्रय केला. आपल्या वाचकांस दत्तकाची संस्था परिचितच आहे. पितरांस पिंड मिळावा आणि कुळ चालावे हा आपल्याकडील दत्तकाचा हेतू. रोमन दत्तकातही घराण्याचे नाव, संपत्ती आणि कुलदेवतांची उपासना अखंड राहावी ही दृष्टी होती. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे औरस पुत्र जिवंत असता दत्तक घेता येत नाही. रोममध्ये असा निर्बंध नव्हता. औरस पुत्र घरात असताही पित्यास दुसरा पुत्र घेता येई, आणि तोही वयात आलेला, लग्न झालेला, सेनापती म्हणून गाजलेला असू शके. निपुत्रिकाच्या घरी हा उपाय वरदानच होता. परंतु ज्याच्या घरी मुलगा आहे तेथे ह्याच उपायाने भाऊबंदकीचे दार उघडले जाई.

ऑगस्टसला पुत्र नव्हता. पहिल्या एका पत्नीपासून झालेली जूलिया ही एकुलती एक कन्या होती. इ. स. पू. ३८ मध्ये त्याने लिव्हिया हिच्याशी विवाह केला. तिला आधीच्या पतीपासून टायबेरियस व ड्रूसस असे दोन मुलगे होते. ऑगस्टसपासून मात्र तिला संतती लाभली नाही. म्हणजे एका बाजूस ऑगस्टसच्या रक्ताची शाखा आणि दुसऱ्या बाजूस लिव्हियाच्या मुलांची शाखा, अशी घराची दोन दालने आरंभापासूनच पडली. ऑगस्टसचा ओढा आपल्या रक्ताकडे होता. त्याने बहिणीचा मुलगा मार्सेलस ह्याला इ. स. पू. २५ मध्ये जूलिया दिली; दोनच वर्षांत तो मरण पावला. मग आपला जिवलग सेनापती अग्रिप्पा ह्याच्याशी तिचा विवाह लावला. त्यांना झालेले गायस व ल्युशियस हे दोन मुलगे ऑगस्टसने इ. स. पू. १७ मध्ये दत्तक घेतले. तराजू आणि नाणे पुढे ठेवून जन्मदात्याकडून मुलगा प्रतीकरूपाने विकत घ्यावयाचा, असा तो रोमन विधी होता. आपल्या शास्त्रकारांनी 'दत्त' आणि 'क्रीत' असे पुत्रांचे जे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत, त्यांची येथे सहज आठवण होते.

इ. स. पू. १२ मध्ये अग्रिप्पा वारला. दोन्ही कुमार लहान. त्यांस पालक हवा. तेव्हा ऑगस्टसने टायबेरियसला आपली आवडती पत्नी व्हिप्सेनिया हिचा त्याग करावयास लावून त्याच्या गळ्यात जूलिया बांधली. टायबेरियसला पहिल्या पत्नीचा विसर कधीच पडला नाही. एकदा ती वाटेत दिसताच तो डबडबल्या डोळ्यांनी तिच्या मागोमाग जाऊ लागला आणि त्यानंतर ती पुन्हा त्याच्या दृष्टीस पडू नये अशी व्यवस्था करण्यात आली, असे चरित्रकार स्युटोनियस सांगतो. हा विवाह सुखाचा झाला नाही. इ. स. पू. ६ मध्ये टायबेरियस सर्व सोडून ऱ्होड्स बेटावर जाऊन राहिला. चारच वर्षांनी ऑगस्टसने स्वतःच्या मुलीवर व्यभिचाराचा दोष ठेवून तिला एका ओसाड बेटावर हद्दपार केले. त्यानंतर ल्युशियस इ. स. २ मध्ये मार्सेय येथे आजाराने आणि गायस इ. स. ४ मध्ये आर्मेनियात झालेल्या जखमेने मृत्यू पावला. नाण्यावरील दोन्ही आशा अशा रीतीने मावळल्या.

आता टायबेरियसवाचून गत्यंतर नव्हते. इ. स. ४ मध्ये ऑगस्टसने त्याला दत्तक घेतले. परंतु त्याच वेळी दोन पाचरी मारून ठेवल्या. जूलियाचा उरलेला मुलगा अग्रिप्पा पोस्टुमस ह्यालाही त्याने दत्तक घेतले; आणि टायबेरियसला स्वतःचा औरस पुत्र असता त्याच्याकडून त्याचा पुतण्या जर्मॅनिकस ह्याला दत्तक घेवविले, कारण जर्मॅनिकसची पत्नी अग्रिप्पिना ही जूलियाची मुलगी होती. रक्त फिरून आपल्याच शाखेत यावे हा त्यातील हेतू उघड आहे. पोस्टुमस पुढे हद्दपार झाला. इ. स. १४ च्या ऑगस्ट महिन्यात ऑगस्टस मरण पावला आणि लगोलग पोस्टुमसचा वध झाला. तो वध कोणाच्या आज्ञेने झाला हे आजही निश्चित सांगता येत नाही. नव्या राजवटीचे पहिले कृत्य मात्र तेच ठरले. टायबेरियस त्या वेळी पंचावन्नाव्या वर्षात होता. जे पद त्यास देणे शेवटपर्यंत टाळले गेले, ते त्यास इतर सर्व मेल्यावर मिळाले.

ह्या साऱ्या मृत्यूंमागे लिव्हियाचा हात होता, असा प्रवाद फार जुना आहे. मार्सेलसला तिने मारविले, दोन्ही कुमारांचा घात तिने केला, शेवटी पतीसही झाडावरच्या अंजिरांस विष लावून तिनेच संपविले, अशा कथा सांगितल्या जातात. त्यांची छाननी केली पाहिजे. टॅसिटस व स्युटोनियस ह्यांनी शंभर वर्षांनी लिहिले. डिओ कॅशियसने दोनशे वर्षांनी. मार्सेलसच्या मृत्यूच्या सुमारास रोममध्ये रोगराई होती आणि पुष्कळ लोक दगावले, हे तो डिओच नमूद करतो. गायस जखमेने मेला तेव्हा लिव्हिया शेकडो कोस दूर होती. ऑगस्टस पंचाहत्तर वर्षांचा वृद्ध होता. 'ह्या मृत्यूंचा लाभ तिच्या मुलास झाला' एवढाच काय तो पुरावा; आणि लाभ म्हणजे अपराध नव्हे. नारायणराव पेशव्यांच्या वधाच्या कथेत 'ध'चा 'मा' करण्याचे सारे खापर एका स्त्रीवर फोडून लोकमानस कसे मोकळे होते, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्या रोमन प्रवादाचे स्वरूप ओळखणे कठीण जाऊ नये. जेथे वारसाचा निर्णय पडद्याआड होतो, तेथे पडद्याआडच्या माणसावर संशय येणारच. हा दोष जितका त्या व्यक्तीचा, त्याहून अधिक त्या पडद्याचा होय.

टायबेरियसच्या काळात जर्मॅनिकस हा लोकांचा लाडका होता. इ. स. १९ मध्ये तो अँटिऑक येथे मरण पावला. आपणास सीरियाचा अधिकारी पिसो ह्याने विष दिले अशी त्याची मरतेसमयी समजूत होती. पिसोवर सेनेटपुढे खटला चालला आणि निकालापूर्वीच त्याने आत्महत्या केली. त्या प्रकरणी सेनेटने केलेल्या ठरावाच्या काशाच्या पत्र्यांवर कोरलेल्या प्रती स्पेनमध्ये सापडल्या आणि त्यांचे संपादन १९९६ साली प्रसिद्ध झाले. घरातील एका मृत्यूचा निवाडा साम्राज्यभर धातूवर कोरून लावावा लागला, ह्यावरून लोकांच्या मनात संशयाचे विष किती भिनले होते ह्याची कल्पना येते.

त्या संशयाचा उपयोग करून घेणारा मनुष्य लवकरच पुढे आला. सेजेनस हा सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख होता. त्याने विखुरलेली पथके रोमच्या एका छावणीत एकत्र आणली. इ. स. २३ मध्ये टायबेरियसचा औरस पुत्र ड्रूसस वारला. इ. स. २६ मध्ये टायबेरियस रोम सोडून कॅप्री बेटावर जाऊन राहिला आणि त्याच्यापर्यंत काय पोचावे हे सेजेनस ठरवू लागला. जर्मॅनिकसची विधवा अग्रिप्पिना व तिचे दोन वडील मुलगे ह्यांच्यावर आरोप होऊन ती तिघेही कैदेत वा हद्दपारीत मेली. त्यांपैकी एकाने तर उपासमारीने गादीतील काथ्या चघळला, असे वर्णन आहे. इ. स. ३१ मध्ये सेजेनसही पडला. तेव्हा त्याच्या परित्यक्ता पत्नीने मरण्यापूर्वी सम्राटास कळविले की, आठ वर्षांपूर्वी ड्रूससचा मृत्यू रोगाने झाला नसून त्याची पत्नी व सेजेनस ह्यांनी त्याला विष दिले होते. हे खरे होते की स्वतःची मुले मारली गेल्यामुळे संतापलेल्या मातेचा तो सूड होता? तो उलगडा आता होणे नाही. पण वृद्ध पित्याच्या मनाची अवस्था काय झाली असेल, ह्याची कल्पना कोणासही करता येईल.

इ. स. ३७ मध्ये टायबेरियस वारला. त्याने इच्छापत्रात दोघांस समान वारस केले होते: जर्मॅनिकसचा उरलेला मुलगा गायस, ज्यास जग कॅलिग्युला म्हणून ओळखते, आणि स्वतःचा औरस नातू जेमेलस. सेनेटने इच्छापत्र रद्द ठरविले. कॅलिग्युलाने जेमेलसला दत्तक घेतले आणि थोड्याच महिन्यांत त्यास मरण पत्करावयास लावले. दत्तकविधान येथे मुलास सांभाळण्याचे साधन न राहता त्यास मुठीत ठेवण्याचे साधन झाले. चार वर्षांनी, जानेवारी ४१ मध्ये, अंगरक्षकांच्याच अधिकाऱ्यांनी कॅलिग्युलाचा वध केला. राजवाड्यात पडद्याआड लपून बसलेल्या त्याच्या चुलत्यास, क्लॉडियसला, सैनिकांनी ओढून बाहेर काढले आणि सम्राट केले. त्याबद्दल त्याने प्रत्येक शिपायास पंधरा हजार सेस्टर्स देऊ केले. सामान्य सैनिकाचे वार्षिक वेतन त्या काळी नऊशे सेस्टर्स होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रकमेचा अर्थ कळतो. वारसाचा जो निर्णय घराने व सेनेटने करावयाचा, तो आता छावणीच्या हाती गेला.

क्लॉडियसला मात्र औरस पुत्र होता. ब्रिटानिकस हा पिता गादीवर बसल्यावर काही आठवड्यांतच जन्मला. त्याची आई मेस्सालिना हिने पती जिवंत असता दुसऱ्याशी विवाहविधी केल्याच्या आरोपावरून इ. स. ४८ मध्ये प्राण गमावले. पुढच्याच वर्षी क्लॉडियसने जर्मॅनिकसची मुलगी, म्हणजे आपली सख्खी पुतणी, धाकटी अग्रिप्पिना हिच्याशी लग्न केले. चुलत्याने पुतणीशी विवाह करणे रोमन लोकांतही निषिद्धच होते. त्यासाठी सेनेटने कायदा बदलून दिला. अग्रिप्पिनाला आधीच्या पतीपासून एक मुलगा होता. इ. स. ५० मध्ये क्लॉडियसने त्यास दत्तक घेतले आणि त्याचे नाव नीरो ठेवले. क्लॉडियसांच्या कुळात त्यापूर्वी कधीही दत्तक आलेला नव्हता, असे त्या वेळी जाणत्यांनी बोलून दाखविले, हे टॅसिटसने आवर्जून नोंदले आहे. नीरो बारा वर्षांचा, ब्रिटानिकस नऊ वर्षांचा. तीन वर्षांच्या ह्या अंतराने वडीलकीचा मान दत्तकास मिळाला.

क्लॉडियसने असे का केले? तो केवळ पत्नीच्या मुठीतील बुद्धू होता, असे सांगण्यात येते. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. क्लॉडियस ऑगस्टसचा वंशज नव्हता. नीरो मात्र आईकडून ऑगस्टसच्या मुलीच्या वंशातला आणि लोकप्रिय जर्मॅनिकसचा नातू होता. क्लॉडियस साठीच्या जवळ आला होता आणि स्वतःचा मुलगा अजाण होता. दोन्ही शाखा एक कराव्यात, असा हिशेब त्याने केला असल्यास तो अगदीच अविचाराचा नव्हता. त्याची कन्या ऑक्टेव्हिया नीरोस द्यावयाची ठरली, तेव्हा भावाबहिणीचा विवाह ठरू नये म्हणून तिला आधी दुसऱ्या घराण्यात दत्तक देण्यात आले. नियमाचे शब्द असे जपले गेले. नियमाचा आत्मा मात्र घराबाहेर पडला होता.

ऑक्टोबर ५४ मध्ये क्लॉडियस वारला. अळिंब्यांच्या पक्वान्नातून अग्रिप्पिनाने त्याला विष दिले, असे प्राचीन लेखक सांगतात. वय आणि प्रकृती पाहता नैसर्गिक मृत्यूही अशक्य नाही. परंतु त्यानंतरच्या काही तासांविषयी संशयास जागा नाही. अग्रिप्पिनाने ब्रिटानिकसला मायेने कवटाळल्याचे दाखवीत खोलीतच अडवून धरले. इकडे अंगरक्षकांचा प्रमुख बर्रस नीरोस घेऊन बाहेर आला. ब्रिटानिकस कोठे आहे, असे काही शिपायांनी विचारले. उत्तर न मिळताच ते बहुमताच्या मागे गेले. क्लॉडियसचे इच्छापत्र वाचलेच गेले नाही.

सत्ता मिळवून देणाऱ्या आईचा जाच पुत्रास लवकरच वाटू लागला. तिने संतापाने ब्रिटानिकसच्या हक्काची आठवण करून दिली, आणि त्या आठवणीनेच त्या मुलाचा बळी घेतला. इ. स. ५५ च्या आरंभी, चौदावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, तो भर पंगतीत कोसळला. त्याचे पेय चाखून पाहिले जाई. म्हणून ते मुद्दाम अतिशय गरम दिले आणि थंड करण्यासाठी घातलेल्या पाण्यात विष मिसळले, असे टॅसिटसचे कथन आहे. हा अपस्माराचा झटका आहे, असे म्हणत नीरो जेवत राहिला. त्याच रात्री, पावसात, घाईघाईने दहन उरकण्यात आले. शेजारी बसलेला त्याचा सवंगडी टायटस, जो पुढे स्वतः सम्राट झाला, त्याने ही मैत्री विसरली नाही; सत्तेवर आल्यावर त्याने ब्रिटानिकसची सुवर्णमूर्ती उभारली.

पुढील कथा थोडक्यात सांगता येते, कारण ती एकाच दिशेने धावते. इ. स. ५९ मध्ये नीरोने आईचा वध करविला, इ. स. ६२ मध्ये ऑक्टेव्हियाचा. ऑगस्टसच्या वंशाचे जे जे दूरचे पुरुष उरले होते, तेही एकामागून एक मारले गेले. त्याची स्वतःची मुलगी तान्हेपणीच गेली. जून ६८ मध्ये सैन्याने साथ सोडली आणि नीरोने आत्महत्या केली, तेव्हा घराण्याचे नाव चालविण्यास कोणीही उरले नव्हते. प्रतिस्पर्धी नको म्हणून सारे आप्त तोडले. आणि शेवटी वारस म्हणून बोट दाखवावे असा आप्तच राहिला नाही. पुढच्या एका वर्षात चार सम्राट झाले. त्यांतील पहिला, गाल्बा, ह्याने जानेवारी ६९ मध्ये दत्तक घेऊन वारसाचा प्रश्न सोडवू पाहिला; पाचच दिवसांत दत्तक घेणारा व दत्तक दोघेही मारले गेले.

ह्या इतिहासावरून दत्तकाची संस्थाच वाईट, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. त्याच रोममध्ये दुसऱ्या शतकात नर्व्हा, ट्रेजन, हेड्रियन, अँटोनायनस व मार्कस ऑरिलियस ही मालिका दत्तकानेच चालली आणि तो काळ साम्राज्याच्या भरभराटीचा मानला जातो. मात्र ह्यांपैकी पहिल्या चौघांस मागे राहील असा औरस पुत्र नव्हता, हे विसरून चालणार नाही. औरस असता दत्तक नाही, हा आपल्या शास्त्रकारांचा निर्बंध एरवी रूक्ष वाटतो; ब्रिटानिकसची आणि जेमेलसची कथा वाचल्यावर त्यातील शहाणपण ध्यानी येते. हक्क कोणाचा हे आधी, उघड आणि सर्वांसमक्ष ठरलेले असले, तर आई, सावत्र आई, सेवक आणि शिपाई ह्यांना तो ठरविण्याचे कारण उरत नाही. रोमच्या त्या घरात शूरांची, विद्वानांची किंवा कर्तबगार स्त्रियांची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती एका स्पष्ट नियमाची; आणि तिची भरपाई त्या घराने आपल्या मुलांच्या प्राणांनी केली.